तुमच्या इंजिनातलं तेल

राजूचे बाबा,

गिरजाचा नमस्कार घ्या जी. तुमच्याशी भांडाचं आहे, म्हणून लिहून राहिली.

एरवी मी तुमच्याशी बोलतच राहते, भांडे घासतानी, तांदूळ निवडतानी. पण भांडण तोंडानं केलं का हवेत जाते. आन तुमी तं जितेपणी नीट आयकलं नाही, आता कायले आयकसान! म्हणून मोनी म्हणे, "आजी, कागदावर लिही. मंग आबाले उठून जाता येणार नाही."

माही चौथी पुरी झाली नाही, तुमाले ठाव आहे. वेलांट्या जिकडे पडतीन तिकडे पडतीन. आन थकली मी जी, लय थकली. आज घाटावरून आली तं पाय माहे आहेत का दुसऱ्याचे, तेच समजून नाही राहिलं. हाताले तेल, लुगड्याले तेल, दुपारच्या भातालेही तेलाचाच वास. हे सारं तुमच्या पायी!

तुमी गेल्यावर नाव मारुतीच्या पाराजवळ ओढून ठेवली. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्या वेळची नाव. तुमच्या इंजिनावर शीड पांघरून देल्लं. तेच, माह्या माहेरच्या मागावरचं जाडं कापड. माह्या भावानं विणून देल्लं तेव्हा तुमी काय म्हणाले होते? "तुह्या माहेरचे लोक सोबत असले का वारा आपल्याच बाजूनं राहते." बोलणं तं असं होतं तुमचं, पण त्या माहेरी मले न्याले तुमाले कधी सवड भेटली नाही. जाऊ द्या. ते भांडण वेगळं.

मी काही घाटावर जात नव्हती. कायले जाऊ? तिथं तुमी नाही, नुसती नाव.

औंदा राजू म्हणे, "माय, पूल झाला. नावेत आता कोण बसते? इंजिन भंगारात देतो, लाकूड सरपणाले होईन." चुलीत तुमची नाव जळतानी मी भात कसा शिजवीन, एवढंच मनात आलं.

मंग रोवण्याच्या, धान लावाच्या बाया आल्या. त्यायचे वावर पल्याड. पुलावरून फिरून जाचं तं अर्धी सकाळ रस्त्यातच जाते. शेवंता म्हणे, "राजूभाऊ, रोवणा होयेपर्यंत तरी नाव राहू द्या." राजू म्हणे, "इंजिन सुरू झालं तं नाव राहीन. नाही झालं तं भंगारात जाईन. मंग कोणी रडाचं नाही." रडाचं नाही म्हणतानी माह्याकडे पाहे.

"मी पाहते," मोनी म्हणे.

अजी, तुमाले तं हे माहीतच नाही! तुमची नात डिझेल मेकॅनिक शिकून राहिली, आयटीआयमंधी. वर्गात साऱ्या पोट्ट्याईत एकटी पोट्टी. राजूनं म्हटलं, "शिलाई शिक." तं म्हणे, "शीड फाटलं तं शिलाई करीन, आधी इंजिन शिकू दे." बोलणं कोणाचं आहे सांगा! मी तोंडाले पदर लावून हासली. थकलेल्या माणसालेही हासू येते ना जी.

तिनं शीड उचललं आन तेल पाहाची काडी बाहेर काढली. आठवते? ती काडी तुमी रोज माह्या पदराले पुसत होते. किती लुगडे काळे केले तुमी माहे! मोनीनं काडी पाहिली, पुसली, परत घालून पाहिली. तेल खुणेच्या कितीतरी वर.

उभ्या इंजिनातलं तेल वाढलं! गाय आटली आन दूध वाढलं, असं कोठी होते का?

राजू वाकून पाहे आन म्हणे, "पाणी शिरलं. ब्लॉक फुटला असन. संपलं माय, याले देऊन टाकू." मी तिथंच पाराच्या पायरीवर बसली.

पण मोनी घरी पळाली आन माहा पोळीचा तवा घेऊन आली. कोंढ्याच्या बाजारातला, चांगला बसलेला तवा! घाटावर तीन दगड मांडले, जाळ केला, तवा तापवला आन त्याच्यावर इंजिनातलं तेल टाकलं.

"पाणी असन तं तडतडीन, आजी."

आमी तिघंही कान देऊन बसलो. तेल धुपलं, गपचूप. तडतड नाही.

"मंग पंपातून डिझेल उतरलं असन," राजू म्हणे.

"डिझेलनं तेल पातळ होते बाबा. हे तं पाकासारखं लोंबून राहिलं."

खालचा नट खोलला तं आधी काळं आलं, मंग पिवळट आलं, मंग येईच ना. तेल गाळाची जाळी काढली तं तिच्यावर साय! दुधाले येते तशी, पण चिवट, बोटानं ओढली तं ताणे. मोनीनं वास घेतला. परत घेतला. मंग माह्याकडे पाहून म्हणे, "आजी, हे तुह्या जवसाच्या चटणीसारखं वासते."

बापलेक दोघंही माह्याकडे पाहाले लागले.

"माय, तू घातलं का?"

"मी कायले घालीन रे! वर्षभर मी या घाटावर पाय तरी ठेवला का?"

पाहा, तुमच्यामागं मले कसे बोल लागतेत! राग आला मले. पण वास खराच जवसाचा होता. मोनी म्हणे, "जवसाचं तेल घेऊन घाटावर कोण येते?" आन आमी सारेच मान वळवून मारुतीकडे पाहाले लागलो. दुसऱ्या दिवशी शनिवारच होता.

शनिवारी सकाळी मी आन मोनी पारामागं बसलो. कंबर मोडून गेली माही. आधी आली कौतिका. आता पुरी वाकली ती. मारुतीले तेल वाह्यलं, वाटीत थोडं ठेवलं, इकडे तिकडे पाह्यलं, नावेत चढली, शीडाचा कोपरा उचलला, झाकण फिरवलं आन उरलेलं तेल तुमच्या इंजिनात!

"काय करून राहिली व कौतिका?"

दचकली ती. वाटीच पडली हातातली. मंग उलटी माह्यावरच आली, "ओरडते कायले? नावाड्यानंच सांगतलं होतं. मी काय माह्या मनानं करून राहिली?"

तिच्यामागून रिटायर झालेले मास्तर आले, हातात शिशी. त्यायच्यामागून शेवंताची सासू. साऱ्याईचं एकच. "थोडंसंच घालतो." "आपला एक थेंब." "त्यायचा शब्द होता." आन एकालेही दुसऱ्याचा पत्ता नाही! जो तो समजे का मी एकटाच घालून राहिलो. मास्तर तं कौतिकाकडे पाहून असे लाजले, जसे चोरी करतानी सापडले.

आता आठवलं का काही? मले आठवलं, तिथंच बसल्या बसल्या. शनिवारी लोक मारुतीले तेल वाहून नावेत बसत, आन तुमी हँडल मारता मारता म्हणत होते, "मारुती तं बसूनच आहे, बाप्पा. पल्याड नेते तं हा. याच्याही तोंडात घाला थोडं!" लोक हासत. तुमीही हासत. तेव्हा एकानंही थेंब घातला नाही.

तुमी गेले आन तीच चेष्टा लोकाईनं तुमची इच्छा समजली. काहून जी असं बोलून ठेवलं? बोलाच्या आधी थोडा तरी विचार कराचा! त्या तेलापायी नाव भंगारात जात होती, आन मी चूल कशी पेटवीन, हा विचार करत होती!

मोनीनं त्याईले नीट समजावलं. "आजी, जवसाचं तेल वाळते. वाळलं का डिंकासारखं होते. इंजिनाचा गळाच धरला त्यानं."

कौतिकानं ऐकून घेतलं आन डोळे पुसत म्हणे, "मंग आता काय त्याईले उपाशी ठेवाचं?"

त्याईले म्हणे जी. इंजिनाले नाही.

मी भांडाले उठली होती. पण पदर तोंडात घालून खाली बसली. हासून राहिली का रडून राहिली, मोनीलेही समजलं नाही.

मंग दिवसभर धुणं चाललं. रॉकेल घाला, फिरवा, सोडा. परत घाला. राजू हँडल मारे, मोनी म्हणे, "हळू बाबा, हळू!" तिसऱ्या पहरी इंजिन खोकललं, निळा धूर सोडला, आन धडधड सुरू! माहं काळीज त्याच्याहून जोरात. राजूनं तुमच्या बसाच्या फळीवर हात फिरवला.

पण इंजिन तुमचंच, सरळ थोडी वागीन! मोनीनं मले बसवलं आन नाव पाण्यात नेली. मधात गेलो आन परत धूर, बाजूनं तेल गळाले लागलं. मोनीनं बंद करून टाकलं. "राहिलेली साय सुटली असन, जाळी परत भरली. जबरदस्ती केली तं इंजिन जाम होईन." चारीकडे धरणाचं पाणी, आन मी म्हातारी मधात! म्हटलं, आता तुमीच या.

पोरीनं शीड बांधलं. कधी शिकवलं जी तिले? मले तं कधी हातही लावू देल्ला नाही! माह्या भावाचं कापड फुगलं आन नाव हळूहळू घाटाकडे आली. वारा आपल्याच बाजूनं होता. तुमी खोटं बोलत नव्हते म्हणाचं.

जाळी परत साफ केली, नवं तेल खुणेपर्यंत घातलं, आन आज सकाळी रोवण्याच्या बाया पल्याड गेल्या. मोनी मागं बसली होती, तुमच्या जागी. शेवंता ओरडून म्हणे, "नावाडीण बाई, नीट न्या!" भंगाराचं नाव राजूनं काढलं नाही. त्यानं इंजिनाच्या तोंडावर तार बांधली आन मले म्हणे, "माय, शनिवारी तू पाहाचं." घ्या! म्हातारपणी मले नोकरी लावली.

म्हणून एक शब्द देते. दर शनिवारी मी घाटावर जाईन, पाय दुखले तरी जाईन. त्या इंजिनात कोणाले थेंब घालू देणार नाही. पण त्याईची वाटीही परत पाठवणार नाही. वर्षभर उन्हात पडून नावेच्या बसाच्या फळ्या सुकल्या, वरवर चिरा पडल्या. लाकडाले जवसाचं तेल चालते, उन्हाळ्यात तुमीही तेच लावत होते. कौतिकाले मी सांगतलं, "इंजिनाले नको व, त्यायच्या बसाच्या फळीले लाव." आज दुपारी मी आन ती दोघी लावून आलो. फळीनं सारं तेल पिऊन घेतलं जी. अजून मागून राहिली.

उपाशी नाही ठेवणार तुमाले. पण तिकडे कोणाशी चेष्टा करू नका आता. लोक खरं मानतात.

जिले तुमी जन्मभर "अवो" म्हणाले, ती
गिरजा