रुपयाला पाच आणे मखर

प्रति,
माननीय मुख्य सरकारी वकीलसाहेब,
बुडीत बँकांचे खास कामकाज,
मध्यप्रांत व वऱ्हाड, मुक्काम नागपूर.

अर्जदार : खुशालराव वल्द गोवर्धन, धंदा शेती, राहणार मौजे सावरखेडी, तालुका अकोट.

विषय : बैलाच्या शिंगांवर बांधायचे मखर बुडालेल्या बँकेच्या तिजोरीतून अखंड परत मिळण्याबद्दल.

संदर्भ : आपल्या अकोट कचेरीची दोन उत्तरे. पहिल्याने गाव चिडले, दुसऱ्याने हसून लोळले.

मेहेरबान साहेब,

१. अर्जदाराच्या गावी पोळ्याला एक मखर लागते. सागाची हातभर उंच कमान, वर कागदी फुले, खाली चोवीस घुंगरू. ते मानाच्या बैलाच्या शिंगांवर बांधतात. तो बैल सर्वांआधी तोरणाखालून जातो, तोरण तुटते, मग पोळा फुटला असे म्हणतात. तोवर गावातला एकही बैल घरी जात नाही की पुरणपोळीला तोंड लावत नाही. आपणास हे ठाऊक असेलच. पण आपला अकोटचा कारकून पोळ्याच्या दिवशीही कचेरी उघडी ठेवणारा माणूस दिसतो, म्हणून लिहिले.

२. हा मान अर्जदाराचा की शेजारच्या भगवंतरावांचा, यावरून दोन वर्षांपूर्वी गावात सहा डोकी फुटली. शेवटी पंचांनी ठरवले की मान वर्षाआड घ्यावा, आणि मखर दोघांच्याही घरी न ठेवता अकोटच्या बळीराजा बँकेत ठेवावे. दुसरे मखर करून बांधणार नाही, अशी शपथ दोघांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवून घेतली. सबब 'सुताराकडून नवे करून घ्या' हा सल्ला कृपा करून देऊ नये. तो आजवर पुष्कळांनी फुकट दिला आहे.

३. बँकेच्या मॅनेजरांकडे त्या दिवशी मुदत ठेवीच्या छापील पावत्याच शिल्लक होत्या. त्यांनी त्यावरच लिहिले : 'मखर, नग एक, मुदत बारा महिने, व्याज साडेचार टक्के.' अर्जदाराची चुलती तानुबाई हिने विचारले, "मंग वर्षानं घुंगरू चोवीसचे पंचवीस होतीन काय?" मॅनेजर हसून होतील म्हणाले. गेल्या पोळ्याला भगवंतरावांची पाळी होती. मखर एका दिवसापुरते बाहेर आले तेव्हा तानुबाईने घुंगरू मोजले, ते चोवीसच भरले. ही बँक बुडणार, असे तिने तिथेच सांगितले होते. मखर पुन्हा तिजोरीत गेले आणि तिचे कोणी ऐकले नाही.

४. यंदा चैत्रात बँक बुडाली. आपल्या हाताखालच्या वकिलांनी दाराला आडवी फीत लावून लाखेचे सील ठोकले. अर्जदाराने फॉर्म भरला. 'किंमत' या रकान्यात त्याने 'गावाची इज्जत' असे लिहवून घेतले, ते कारकुनाने खोडले. तेव्हा सुताराला विचारून दोन रुपये लिहिले. उत्तर आले : ठेवीदारांस रुपयामागे पाच आणे, सबब दहा आणे मंजूर. अर्जदार कचेरीत जाऊन म्हणाला, "सायेब, मले दहा आणे नाही पाह्यजेत. मले माहं मखर पाह्यजे." कायदा सगळ्यांना सारखा, असे सांगून कारकुनाने त्याला बाहेर काढले. त्याने पुन्हा लेखी मागणी केली. दुसरे उत्तर असे : ठेव वस्तुरूपाने हवी असल्यास तीही रुपयास पाच आणे या प्रमाणातच मिळेल, मखराचा कोणता भाग हवा ते आठ दिवसांत कळवावे.

५. या पत्रावर गावाची बैठक बसली. किसनराव म्हणाले, डावी बाजू मागा. पंजाबराव म्हणाले, नुसते घुंगरू मागा. पण घुंगरांचा हिशेब साडेसात आला, आणि अर्धे घुंगरू कसे वाजते ते कोणालाच सांगता येईना. तेव्हा भगवंतराव, जे दोन वर्षांत अर्जदाराशी एक शब्द बोलले नव्हते, ते म्हणाले, "खुशाल, बैलाले शिंगं दोन रायतात, हे त्या सायबाले कोनी सांगतलं नाही काय?" आणि इतके हसले की त्यांचा फेटा खाली पडला. तो अर्जदाराने उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवला. हसता हसता अर्जदार रडू लागला. हे लिहू नको, असे त्याने अर्जनविसास बजावले आहे. पण खरे ते अर्जात यावे, असा अर्जनविसाचा नेम आहे.

६. रडण्याचे कारण असे की यंदा पाळी अर्जदाराची आहे. त्याचा बैल पाखऱ्या एकोणीस वर्षांचा असून त्याचा एक डोळा गेला आहे. हा बैल हिवाळा पाहणार नाही, असे ढोरांच्या डॉक्टरांनी सांगितले. अर्जदाराची बायको दुर्गाबाई त्याला दुधात भाकरी कुस्करून हाताने भरवते. श्रावण लागल्यापासून तो रोज संध्याकाळी गोठ्याच्या दारात मान खाली घालून उभा राहतो, कोणीतरी मखर बांधील म्हणून. अर्जदाराचेही चाळीस रुपये याच बँकेत बुडाले. त्याचे त्याला एवढे वाटले नाही. पाखऱ्याने एकदा शेवटचे तोरण तोडावे, एवढेच त्याचे मागणे आहे.

७. आपण कायद्याचे एवढे मोठे जाणकार. बँकेने लोकांचा पैसा कर्जाऊ वाटला म्हणून तो बुडाला. मखर बँकेने कोणाला कर्जाऊ दिले नाही. ते सांभाळायला दिले होते आणि आजही तिजोरीत धडधाकट उभे आहे. जे बुडालेच नाही त्याचे पाच आणे कसे होतात, हे अकोटात कोणी सांगू शकत नाही. आपला एक ओळीचा हुकूम पुरे होईल. पोळ्याला आता तेराच दिवस उरले आहेत.

८. कायद्याने मखर बाहेर येत नसेल, तर बैलाला आत येऊ द्यावे. सारे गाव आपापल्या जोड्या सजवून अकोटला येईल, पुढे पाखऱ्या. बँकेच्या दारात आपली फीत आडवी बांधलेली आहेच. पाखऱ्याने आजवर बारा तोरणे तोडली आहेत, आणि तोरण कोणते व सरकारी फीत कोणती, हे त्याला एका डोळ्याने ओळखू येत नाही. अर्जदार त्याला समजावून सांगेल. तो ऐकेलच, अशी हमी अर्जदार देऊ शकत नाही.

हुकुमाकडे डोळे लावून बसलेला, आपला नम्र,
खुशालराव, निशाणी डावा अंगठा.

अर्जास राजीखुशीने सामील :
भगवंतराव, निशाणी डावा अंगठा.
(कागदावर जागा पुष्कळ असूनही दोन्ही अंगठे एकमेकांना खेटून उठले आहेत. ते तसेच राहू द्यावेत.)

लिहिणार : महादेवराव, अर्जनवीस, अकोट.
श्रावण वद्य द्वितीया, सन १९३८.

सोबत :
ठेवपावतीची नक्कल, एक.
आपल्या कचेरीची उत्तरे, दोन.
घुंगरू, एक. हे तानुबाईने आपल्या पैशाने बाजारातून आणले आहे. मखर पाठवताना पंचविसावे म्हणून त्यावर बांधावे, म्हणजे बँकेकडे आमचे व्याजही बाकी राहणार नाही.