सारखी मागे वळणारी मुलगी

इंदिरानगर, नाशिक
बुधवार

प्रिय पल्लवी,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. बाबांचं बीपी आटोक्यात आहे. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, पण चालतो. फोन केला असता तर मी तिसऱ्या वाक्याला ओरडायला लागले असते आणि तू शांतपणे म्हणाली असतीस, आई, मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू. तुमच्या मीटिंगा संपत नाहीत आणि माझा राग नंतरपर्यंत थांबणारा नाही. म्हणून लिहायला बसले. मला मध्येच तोडायला इथे कुणी नाही, हे एक बरं.

विषय अदिबाचा आहे. सातवी ब मधली, शेजारच्या वडाळा गावातून येते. तिच्याबद्दल तुला मागे सांगितलं होतं, पण तेव्हा तू मोबाइलमध्ये बघत नुसतं हं हं करत होतीस, तेव्हा पुन्हा ऐक. पोरीला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. एका कानात मशीन आहे, पण शेजारी ढोल वाजला तर उपयोगी, एरवी नावालाच. ती समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखते. तिचे अब्बा, सलीमभाई, आधी मालेगावला लूमवर होते. तिथे मागांचा असा खडखडाट की शेजारचा माणूस बेंबीच्या देठापासून ओरडला तरी ऐकू जायचं नाही, म्हणून सगळे कारागीर ओठ हलवून आणि हातवारे करून बोलायचे. तीच सवय घरातही. त्यामुळे ही पोर तान्हेपणापासून ओठ बघत वाढली, आणि तिला ऐकू येत नाही हे घरच्यांच्या ध्यानात आलं तेव्हा ती चांगली चालती-धावती झाली होती. आपल्या शाळेत आली तेव्हा तिला मराठीचा गंध नव्हता. मराठीही ती आम्हा बायांच्या तोंडाकडे बघून बघून शिकली. आता भूगोलात भल्याभल्यांना मागे टाकते. आणि या मुलीला कुलथे सर शाळेतून काढायला निघालेत! काढायला हा शब्द काही ते तोंडाने काढत नाहीत, मुख्याध्यापक आहेत ना. ते म्हणतात, तिला झेपत नाही, पालकांनी समजून घेऊन दाखला न्यावा, तिच्यासारख्यांसाठी वेगळ्या शाळा असतात. शनिवारी गुलजारबीला, म्हणजे तिच्या आईला, अदिबाला घेऊन बोलावलंय. ती बिचारी सरांसमोर मान वर करून बोलत नाही. सर म्हणतील तिथे सही करून मोकळी होईल, वर थँक्यू म्हणेल.

हे कसं झालं ते नीट समजून घे. माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि जूनपासून मी रजेवर गेले. दिवाळीनंतर परत जाते तर शाळा ओळखू येईना. प्रत्येक वर्गात प्रोजेक्टर, पडदा, लॅपटॉप. खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मीच हरखले. ज्वालामुखी उसळताना बघून पोरांआधी माझा आ वासला. इतकी वर्षं फळ्यावर लाल खडूने लाव्हा काढून काढून माझी बोटं झिजली, आणि इथे तो डोळ्यांसमोर उकळतोय. मी काही जुनाट बाई नाही गं. पण नंतर बघितलं तर ज्वालामुखी आठवड्यातून एकदा, आणि बाकी सगळे तास पुस्तकातली वाक्यं पडद्यावर आणि ती वाचून दाखवणारी बाई. पुढची स्लाइड, पुढची स्लाइड. कुणी हात वर केला तर आधी एवढ्या स्लाइड होऊ देत. कारण किती स्लाइड झाल्या ते म्हणे आपोआप ऑफिसात दिसतं. मग काय, तास संपत आला की सगळे पटापट बटण दाबून धडा 'पूर्ण' करतात. पोरांना गोदावरी कुठून निघते ते माहीत नाही, आणि ती निघते इथून हाकेच्या अंतरावर. धडा मात्र पूर्ण! नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

त्यातही सगळं चालवून घेतलं असतं. पण आपले वर्ग पश्चिमेच्या बाजूचे. दुपारी ऊन आत येतं, पडद्यावरचं दिसत नाही. म्हणून खिडक्यांना काळं कापड लावलं. दिवे बंद. आणि प्लगचा बोर्ड आहे मागच्या भिंतीला, वायर पुढे पोहोचत नाही, म्हणून लॅपटॉपचं टेबल गेलं मागे. म्हणजे शिक्षक उभा कुठे? सगळ्या मुलांच्या पाठीमागे, अंधारात. आता अदिबाचं बघ. तिला ऐकू येत नाही, तिला नीट दिसावं म्हणून कुलथे सरांनी मोठ्या मायेने तिला उचलून पहिल्या बाकावर बसवलं. चांगल्या मनाने बसवलं, हेही लिहिते. पण अगं, ती पडद्याकडे तोंड करून बसणार आणि बोलणारं तोंड पार मागे, काळोखात! ती काय करेल? वळेल. पुन्हा पुन्हा मागे वळून बघेल, कुठे ओठ हलताना दिसतात का ते शोधेल. विज्ञानाचे संतोष सर तर तिला ओरडायचे, समोर बघ, समोर बघ म्हणून. ते ओरडणंही तिला दिसायचं नाही.

मला हे कळलं कसं, तर गुलजारबीमुळे. माझ्या तब्येतीची चौकशी करायला ती डबाभर शीरखुर्मा घेऊन घरी आली होती. ईद नव्हती की काही नव्हतं, माझा गुडघा बरा झाला म्हणून. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि उठता उठता, अगदी संकोचाने, तिने विचारलं, "मॅडम, अदिबा बोलती, स्कूल में अब कोई टीचर बोलताच नै. खाली फोटू दिखाते. सच्ची क्या?"

पल्लवी, त्या पोरीला वाटत होतं की शाळेत सगळ्यांनी बोलणंच बंद केलंय. कुणीतरी तसा नियम काढला असेल, असं समजून ती गप्प बसून फोटो बघत होती. कुणाकडे तक्रार नाही, काही नाही. गुलजारबी गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि मग मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या तासाला ते काळं कापड टराटरा ओढून बाजूला केलं. पुढे उभी राहिले, फळ्यावर लिहिलं, लिहून झाल्यावर वर्गाकडे तोंड करून बोलले, जसं आयुष्यभर केलं. अदिबा एकदाही वळली नाही. तास संपायच्या आत हात वर करून तिने मलाच प्रश्न विचारला की खडक वितळतो, तर मग जमीन का वितळत नाही. मी धावतच, म्हणजे या गुडघ्याने जमेल तशी, कुलथे सरांकडे गेले. सांगितलं की मुलगी हुशार आहे, टेबल तेवढं पुढे घ्या, एक लांब वायर आणा, बोलणाऱ्याच्या तोंडावर एक दिवा ठेवा, बास. तर म्हणतात, बाई, तुमच्या तासाला स्लाइड शून्य दिसताहेत. आणि वर हसून म्हणाले, रिटायर व्हायच्या वयात नवीन गोष्टी जड जातातच. चोर सोडून संन्याशाला फाशी! वायर आखूड तुमची, आणि दाखला तिचा?

काल पुन्हा गेले, भांडायच्याच तयारीने. तेव्हा ते म्हणाले की हे माझं एकट्याचं मत नाही. ऑगस्टमध्ये हे प्रोजेक्टर बसवणाऱ्या कंपनीच्या तज्ज्ञ बाई वर्ग बघायला आल्या होत्या, त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की पहिल्या बाकावरच्या मुलीचं पडद्याकडे लक्षच नाही, सारखी मागे वळते, ती या पद्धतीत बसणार नाही. मी विचारलं, कोण ही तज्ज्ञ? ते गालातल्या गालात हसले. म्हणाले, उज्वलाताई, घरातच आहे की तुमच्या.

तुला आठवतो तो दिवस? मी खाटेवर पाय लांब करून पडले होते. तू शाळेतून थेट घरी आलीस, माझ्यासाठी मिसळ बांधून आणली होतीस, आणि म्हणालीस, आई, तुझी शाळा काय बदललीय! मला इतका अभिमान वाटला की शेजारच्या लंकाबाईंना बोलावून सांगितलं, माझी लेक आता माझ्याच शाळेतल्या मास्तरांना शिकवायला जाते. आणि त्याच सकाळी तू या पोरीबद्दल ते वाक्य बोलून आली होतीस. ती कोण हे तुला माहीत नव्हतं, मान्य. पण एक मूल तासभर वळून वळून मागे बघतंय, तर ते काय शोधतंय हे विचारावंसं वाटलं नाही तुला? तू शिक्षिकेची मुलगी आहेस गं. वर्गात वळणाऱ्या मुलाला आधी विचारायचं असतं आणि मग बोलायचं असतं, एवढं तरी या घरात शिकायला हवं होतंस. मला राग त्या प्रोजेक्टरचा नाही, तुझा आला आहे.

हे पत्र मन मोकळं करायला लिहिलेलं नाही. माझं शाळेत कुणी ऐकत नाही, तुझं ऐकतील. पत्र कुरिअरने पाठवतेय, उद्या हातात पडेल; शनिवारी सकाळी दहाला सभा आहे. रजा काढ, मीटिंग मोड, काय वाटेल ते कर, पण ये. मला मिठी मारून सॉरी म्हणशील, तर ते मला नको. कुलथे सरांसमोर, संतोष सरांसमोर आणि गुलजारबीसमोर उभी राहा आणि आपल्या तोंडाने सांग की मी चुकले. आणि सांगताना उजेडात उभी राहा, अदिबाकडे तोंड करून.

तुझीच,
आई