शंभरातले चाळीस

ता. ४ जानेवारी

चि. घुम्यास,

आशीर्वाद आहेतच, रागावले म्हणून ते काही परत घेत नाही. वि. वि.

हो, हातानेच लिहिते आहे. फोन चालतो माझा, पैसे भरलेले आहेत, कानही जागेवर आहेत. पण फोन तुला मध्येच आपटता येतो. कागद आपटलास तरी तो बोलायचं थांबत नाही, म्हणून कागद. अक्षराला नावं ठेवू नकोस. चौथीत शाळा सुटली तेव्हा एवढंच शिकवून झालं होतं.

बँकेने घराला कर्ज नाकारलं त्याला आत्या कारण, असं काल ओरडून सांगितलंस. वर्षाकाठी चार वाक्यं बोलणारा माणूस तू, त्यातली तीन माझ्यावर खर्च केलीस. बरं वाटलं. आता माझं ऐक.

त्या फायनान्स कंपनीचं कर्ज कोणी काढलं होतं? मी? मोटारसायकल मी उडवत होते? कार्डावर कार्ड, एकाचा हप्ता दुसऱ्यातून, दुसऱ्याचा तिसऱ्यातून, आणि घरी विचारलं की मान खाली. वसुलीवाले तुझ्या कामावर यायला लागले. तू लिफ्टच्या खड्ड्यात ग्रीस पुसत उभा आणि ते वरून वाकून तुझ्या नावाने हाका मारतायत, अख्खी इमारत जिन्यात जमलेली. तेव्हा दुकानाला कुलूप घालून कोण धावत आलं? तुझे आई-बाप गेल्यावर तुला कोणी वाढवलं ते मी बोलून दाखवत नाही. दाखवलं, असू दे.

मग आपण दोघं कंपनीच्या ऑफिसात गेलो. चष्मेवाल्याने आकडा सांगितला आणि तू सरळ पाकीट काढलंस! लग्नाआधी ओव्हरटाइम करकरून जमवलेले, सगळेच्या सगळे! अरे, समोरच्याने पहिला भाव सांगितला आणि तो देऊन टाकला, असं गिऱ्हाईक माझ्या दुकानात आलं तर मी त्याला पाणी पाजून घरी पाठवीन. टेबलाखाली तुझ्या पायावर पाय ठेवला तेव्हा कुठे तुझा हात थांबला. शंभरातले साठ घ्या, नाहीतर आम्ही निघालो म्हटलं, आणि निघाले. दारापर्यंत गेल्याशिवाय भाव उतरत नसतो. जन्म गेला माझा जुनं सामान विकण्यात, मला शिकवू नकोस. त्याने परत बोलावलं. बोलावतातच.

तो म्हणाला होता, बाई, तडजोड केलीत अशी नोंद राहील. मी म्हटलं, राहू दे, आम्हाला काय त्या नोंदीशी सोयरीक करायची आहे? तू हसलास. मला चांगलं आठवतं, दात दिसले होते. उरलेल्या चाळीसात बायकोची दात बनवायची भट्टी आली, तेव्हा आत्यासारखी आत्या नव्हती. आता तीच आत्या तुझ्या घराच्या आड आली काय?

आणि दुकानाचं म्हणशील तर शिंपी पुन्हा आला होता. शिसवी कपाटाच्या आरशात स्वतःला बघतो, लाकडावर हात फिरवतो, आणि भाव असा सांगतो की जणू मी त्याला सदरा शिवायला टाकलाय. किंमत ऐकून चक्कर आली तर शेजारी खुर्ची आहे, म्हटलं, ती पण विकायची आहे. गेला. ते कपाट मी सांगेन त्याच किमतीला जाईल, नाहीतर माझ्यामागून जाईल.

लोभ वाढवावा असं लिहितात. तू वाढवू नकोस, आहे तो फोनसारखा आपटू नकोस म्हणजे झालं.

आत्या

•

ता. ११ जानेवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

फोन आपटला ते चुकलं. बोललो ते चुकलं नाही.

बँकेतल्या बाईंनी त्यांच्या कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे फिरवून दाखवला. त्या कर्जानंतर मी जे जे भरलं ते सगळं त्यात आहे. एक लहान कार्ड मुद्दाम ठेवलंय, त्यावर महिन्याचा किराणा घेतो आणि तारखेच्या आधी पूर्ण भरतो, तेही आहे. एकही चूक नाही. आणि एका ओळीत ‘तडजोड’. बाई म्हणाल्या, यांनी पूर्ण पैसे दिले नाहीत, आम्हाला एवढंच कळतं. आत्या, साठ दिले ते दिसत नाहीत. चाळीस दिले नाहीत ते दिसतं.

घरमालक दोन्ही खोल्या विकतोय. आधी आम्हाला विचारलं, फेब्रुवारीअखेरपर्यंत थांबतो म्हणाला. नाहीतर शेजारचा घेणार, त्याला मधली भिंत पाडून गोदाम करायचंय. मागच्या खोलीत तिचं सगळं काम आहे. भट्टी, साच्यांच्या प्लास्टरचं पाणी जायला मोरीचं कनेक्शन, वेगळा मीटर. गावातले दातांचे डॉक्टर साचे तिथेच आणून देतात. भाड्याच्या खोलीत भट्टी लावू देणारा मालक आम्ही सहा महिने शोधतोय. नाही मिळत.

कंपनीत विचारून आलो. सोडलेले चाळीस आता भरले तर खातं पूर्ण फिटलं असा कागद देतात आणि नोंद बदलून घेतात. माझ्याजवळ आहेत ते घराच्या पहिल्या रकमेचे. ते मोडले तर घर कशात घेऊ? ती म्हणते, भट्टी विकू. मी हो म्हटलंय.

त्या दिवशी हसलो ते खरं आहे. तुला घाबरून हसलो. माझ्या खिशात पूर्ण पैसे होते, आत्या. मला ते देऊन मोकळं व्हायचं होतं.

लोभ आहे आणि रागही आहे. सध्या दोन्ही असू द्यावे.

तुझा,
घुम्या

•

ता. १६ जानेवारी

सौ. सूनबाईस,

आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या नवऱ्याला लिहायचं मी सोडलं. घाबरून हसलो म्हणे! वाघ होते का मी? मोकळं व्हायचं होतं तर तोंड उघडायचं. तेवढा एक दिवस सोडून बाकी सगळे दिवस गप्प बसायला होतेच.

आता तू. भट्टी विकणार म्हणे. कशासाठी, तर भट्टीची खोली वाचवायला. जिना टिकावा म्हणून पाय विकायचे! अगं, तू भट्टीतून काढलेल्या चार दातांनीच तुला हे सगळं बोलते आहे. डॉक्टरने बसवले त्या दिवसापासून एकदाही हलले नाहीत. ज्या हातांना असं काम येतं त्यांनी काय रिकाम्या खोलीत बसून बोटं मोडायची? भट्टीला हात लावलास तर याद राख. गिऱ्हाईक बोलावलं असशील तर त्याला सांग, आधी आत्याला भेट.

मी काय हातावर हात ठेवून बसले नाही. बँकेत गेले होते. तुमच्या नाही, माझ्या गल्लीतल्या. म्हटलं, माझ्या नावावर द्या, तुमचे पैसे बुडवणारी मी नव्हे. काउंटरच्या पोरीने माझं नाव मशीनमध्ये घातलं आणि म्हणाली, आजी, तुमचं काहीच दिसत नाही. म्हटलं, दिसणार कसं, जन्मात कोणाचं देणं ठेवलं नाही! तर म्हणते, तेच तर. कधी कर्ज घेतलंच नाही, मग तुम्ही फेडता की नाही हे आम्हाला कसं कळणार? आता बोल! बुडवणारा वाईट आणि न घेणारी अनोळखी. मी म्हटलं, अख्खी गल्ली मला ओळखते. ती म्हणाली, गल्ली मशीनमध्ये नाही. पोरगी गोड होती म्हणून वाचली. एरवी तिच्या मशीनसकट जिन्यावरून खाली ढकलून दिली असती.

आणि ते चाळीस नेऊन देणं, ते मात्र माझ्या डोक्यात शिरत नाही. ज्याने स्वतःच्या तोंडाने सोडले त्याच्याच दारात जाऊन म्हणायचं, घ्या हो, घ्या. भांडून मिळवलेला भाव स्वतःच्या पायाने जाऊन परत करायचा. मेले तरी मी असं करणार नाही. मग बाजारात मला कोणी पुन्हा उभं करणार नाही.

थोडं थांब. मला विचार करू दे. विचार म्हणजे हो नव्हे, लगेच फोन करू नकोस.

माया आहे तुझ्यावर, त्याच्यावरही आहे, त्याला सांगायची गरज नाही.

आत्या

•

ता. ९ फेब्रुवारी

ती. आत्यांस,

सा. न. वि. वि.

भट्टी जागेवर आहे. तेवढ्यासाठी आधी हे लिहिलं. बाकी मी चिडलेली आहे आणि ते लपवणार नाही.

भट्टी न्यायला माणूस यायचा त्याच्या आदल्या दिवशी कंपनीतून फोन आला, की तुमचं खातं पूर्ण फिटलं, कागद घेऊन जा. आम्हाला वाटलं, दुसऱ्याच कोणाचं असेल. गेलो. तोच चष्मेवाला. त्याने सांगितलं, तुमच्या आत्या आल्या होत्या. तुम्हाला ओळखलं म्हणे त्याने, आणि भीतीच वाटली त्याला. तुम्ही आकडा विचारलात, पिशवीतून पैसे काढून टेबलावर ठेवलेत. तो बिचारा जुनी आठवण काढून आपणहूनच म्हणाला, थोडं कमी करता येतंय का ते साहेबांना विचारून येतो. त्यावर तुम्ही म्हणालात, तोंड बंद ठेव आणि मोज. मग त्याच्याकडून तो कागद मोठ्याने वाचून घेतलात, दोनदा, आणि ‘पूर्ण’ या शब्दावर बोट ठेवायला लावलंत.

तिथून थेट दुकानात आलो. तुम्ही नव्हता, दार उघडं होतं. कोपऱ्यात कपाट नव्हतं. भिंतीचा तेवढाच भाग उजळ दिसत होता, कपाटाच्या मापाचा. शेजारच्या किल्लीवाल्यांनी सगळं सांगितलं. शिंप्याने नेहमीसारखा पडेल भाव सांगितला, तुम्ही शिव्या द्याल म्हणून एक पाऊल मागेही सरकला. तुम्ही म्हणालात, घेऊन जा. तो इतका घाबरला की लाकडाला कीड लागलीय असं समजून फळीन् फळी ठोकत बसला. शेवटी तुम्ही ओरडलात, की आता नेलं नाहीस तर फुकट देईन. किल्लीवाले म्हणाले, इतक्या वर्षांत बाईंनी पहिल्या भावाला काही दिलेलं मी पाहिलं नाही.

हे त्या कोपऱ्यासमोर उभे राहिले. बोलले नाहीत. ते एरवीही बोलत नाहीत, म्हणून रडतायत हे मला उशिरा कळलं.

आत्या, भट्टी विकते म्हटलं तर मला पाय विकायला निघालीस म्हणालात. मग तुम्ही काय विकलंत? आणि तेही कोणाला न विचारता, न सांगता. आमचं देणं होतं ते. आम्ही फेडणार होतो. आमच्या वतीने तेव्हाही तुम्हीच बोललात आणि आताही तुम्हीच. मला याचा राग आलाय, आणि ज्याचा राग आलाय त्याच्यापुढे वाकून नमस्कारही करावासा वाटतो, म्हणून जास्तच राग आलाय.

नोंद बदलायला महिनाभर लागेल, मग बँक आमचा अर्ज पुन्हा विचारात घेणार आहे. घरमालकाला कागद दाखवला, तो मार्चअखेर थांबायला तयार झाला. कपाटाचे पैसे आम्ही दर महिन्याला आणून देणार, नाही म्हणू नका. आणि एकदा खरं सांगा, मेले तरी करणार नाही म्हणालात आणि केलंत. का?

असाच लोभ ठेवा म्हणणार होते. पण पुढच्या वेळी लोभ विचारून करा.

तुमची,
सूनबाई

•

ता. १४ फेब्रुवारी

चि. घुम्या आणि सौ. सूनबाईस,

आशीर्वाद, नेहमीचेच. वि. वि.

दुसऱ्यांची कुलपं उघडत बसणाऱ्या त्या किल्लीवाल्याच्या तोंडाला कोणी एक कुलूप करून द्या, पैसे मी देते. माणसाने शेजार करावा की नाही?

मी चुकले असं कुठे बोलू नका. मी तसं लिहिलेलं नाही, पत्र परत वाचा. शंभराचे साठ हा भाव चांगलाच होता, आजही म्हणते. मशीनला कळत नसेल तर तो मशीनचा दोष. त्या चष्मेवाल्याचा तर मला दुप्पट राग आलाय. तेव्हा भाव उतरवायला मला दारापर्यंत जावं लागलं, आणि आता नको होता तर स्वतःहून उतरवायला निघाला. असल्या माणसाने धंदा करू नये.

घुम्याला सांग, दुकानात रडत जाऊ नकोस, लाकडाला ओल लागते.

हप्ते म्हणालीस ते ठीक. आणून द्या, मी नाही म्हणणारी नव्हे. पण वेळेवर द्या. एक जरी चुकला तरी माझ्या डोक्यात नोंद राहील, आणि ती बदलून देणारा कागद कुठल्याच ऑफिसात मिळत नाही. बँकेत यावेळी तोंड उघडून बोल म्हणावं त्याला. मी सोबत येणार नाही. बोलावलंत तरी येणार नाही.

तुम्हा दोघांवर दात खाऊन खाऊन माझी वरची दाढ गेली. डॉक्टरने माप घेतलंय, साचा तुझ्याकडेच पाठवायला सांगितलाय. नीट कर. बिल कर आणि ते पूर्ण लाव. घरची म्हणून एक पैसा जरी सोडलास तर उठून निघेन, आणि या खेपेला दारातून परत यायची नाही.

कोपरा रिकामा आहे, झाडायला सोपा पडतो. तिथे उभं राहून बघण्यासारखं काही नाही.

का केलं म्हणून विचारलंस. ते मी सांगणार नाही. आता विचारलंत तरी नाही, घर झाल्यावर विचारलंत तरी नाही. पत्र संपलं.

आत्या