आई जामसरला का पोचली नाही

मु. खोडाळा

चि. सौ. नीतास, रंजनावहिनीचे पोटभर आशीर्वाद. तुझ्या पायांची सूज उतरली का? तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग. इकडे नागली झोडून झाली, कोंबड्या बऱ्या आहेत आणि तुझा भाऊ पंढरी आहे तसाच आहे (म्हणजे काही सांगितलं की "हो" म्हणतो आणि बाहेर जातो).

शनिवारी पाठीवर भल्यामोठ्या पिशव्या घेतलेली मुंबईची माणसं तुझ्या दारात आली, "तुमच्या आई मागून येताहेत" म्हणाली, आणि आई काही आली नाही. तुझा फोन आला तेव्हा "आई घरी आहेत" एवढंच मी बोलले, कारण ती शेजारीच बसली होती. आता नीट सांगते.

ही मंडळी डोंगराडोंगरांनी पायी जव्हारकडे निघालेली. एका रात्री आपल्या ओसरीवर उतरली. त्यांना वाट दाखवणारा धनेश (आपल्या खालच्या पाड्यातला) जेवताना म्हणाला, की पुढे तुझं जामसरही लागतं. झालं. सकाळी तुझ्या आईला माझी आमटी खारट लागली. आमटी रात्रीचीच होती आणि रात्री तिने ती दोनदा मागून घेतली होती, पण ते असो. "मी लेकीकडे चालले," म्हणून गाठोडं उचलून ती त्यांच्यामागे निघाली. पंढरी "हो" म्हणाला. मग भाकऱ्या बांधून मलाच धावावं लागलं.

वाटेत आमचा कडक अबोला. "धनेश, तिला सांग, वहाणेचा अंगठा तुटायला आलाय." "धनेश, तिला सांग, माझी वहाण मी बघेन." दोघी हातभर अंतरावर, आणि धनेशच्या घशाला कोरड. पाहुण्यांतल्या प्रतिक्षाबाईंना वाटलं, इकडे सासू-सुनेने एकमेकींशी बोलायचं नाही अशी रीतच आहे. त्यांनी मोठ्या आदराने आमचा व्हिडिओ काढला.

रात्री एका पाड्यावर शाळेच्या ओट्यावर झोपलो. दुसऱ्या दिवशी उतरणीला मुरूम सुटा होता. मंडळी पुढे गेलेली. तुझी आई बसल्या बसल्या घसरली ती थेट करवंदीच्या जाळीत जाऊन अडकली. जाळीखाली नुसती दरी. "आई, हलू नका," म्हणत मी आडवी पडून तिचा काष्टा धरला आणि ओढून घेतली. वर आल्यावर मी तिच्या लुगड्यातले काटे काढू लागले.

मग ती म्हणाली, "आधी तू बोललीस."

"घसरताना तुम्ही 'रंजे' म्हणालात."

"ते मी देवाला हाक मारली."

या वादात जामसरचा फाटा कधी मागे पडला कळलंच नाही. भानावर आलो तर समोर डांबरी रस्ता आणि खोडाळ्याची एसटी. हात तिनेच दाखवला. घरापर्यंत दोघींची बाजू कंडक्टरला ऐकावी लागली.

तुझी,
रंजनावहिनी

ता. क. आमटीचं खोटं होतं. एसटीत खिडकीकडे तोंड करून ती म्हणाली, "सातव्यात लेक माहेरी यायची. आता ती म्हणते, बाळंतपण तिकडेच करू." गणपतीत तू सहज म्हणालीस ते तिने मनाला लावून घेतलंय. मागायला ती तयार नाही, म्हणून मी मागते. ये. पंढरीला घ्यायला पाठवते. विचारलं तर "हो" म्हणाला, आणि या वेळी बाहेर गेला नाही.

ता. क. २. यातलं तिला काही कळू देऊ नकोस. फोनला तिचे कान असतात, म्हणून पत्र धनेशच्या हाती देते.

ता. क. ३. आत्ता ती येऊन विचारून गेली, एवढं काय लिहितेस. बचत गटाचं काम आहे म्हटलं. "बरं," म्हणाली, "त्यातच खाली लिही, पाळण्याला नवी दोरी लावलीय."