मांडवाच्या सीझनचा फोरकास्ट

२ एप्रिल २०२६, गुरुवार. भुकूम.
आजपासून रोज लिहिणार. मोठी माणसं लिहितात.
सासऱ्यांच्या, म्हणजे बहिरूमामांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यांनी पडल्या पडल्या मांडव-भांड्यांच्या गोडाऊनची चावी आणि बुकिंगचा फोन माझ्या हातात दिला. म्हणाले, "पाव्हणं, एवढा सीझन काढून दावा, मग धंद्यात निम्मा वाटा तुमचा." शेजारी मेहुणा कैलास उभा होता. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. हिंजवडीची नोकरी सोडल्यापासून मी अशाच संधीची वाट बघत होतो. जा असं आधी कंपनी म्हणाली, पण सोडली मीच. डेटा ॲनालिटिक्सचा ऑनलाइन कोर्स पूर्ण केलेला माणूस या अख्ख्या पौड रोडवर दुसरा नसावा. निम्मा कोर्स झालाय, म्हणजे पूर्णच.

३ एप्रिल.
भरे गावातलं गोडाऊन पाहिलं. शिसारी आली. सतरंज्यांना गेल्या सालच्या मठ्ठ्याचा आंबूस वास, पातेल्यांच्या बुडाला वाळलेला मसालेभात, खुर्च्यांमागे उंदराच्या लेंड्या. आणि कुठला टेम्पो कुठे जाणार, हे कैलास सकाळी टपरीवर चहा पिताना ठरवतो. याला सप्लाय चेन म्हणायचं?
संकल्प : यापुढे सगळे निर्णय डेटावर. घरी येऊन दोनदा आंघोळ केली.

८ एप्रिल.
मागच्या दोन वर्षांची बुकिंगं एक्सेलमध्ये भरली. २०२५ : १७ मे ते जूनचा पहिला आठवडा, नुसते मांडवावर मांडव. २०२४ : मे-जून जवळजवळ रिकामे. अख्खी मुळशी दोन महिने बिनलग्नाची राहील का? मामा नोंदी करायला विसरले असणार. २०२४ आउटलायर, म्हणजे भलताच आकडा, म्हणून डिलीट केलं. ग्राफ लगेच देखणा झाला.

१४ एप्रिल.
निर्णय झाला. खरी गर्दी १७ मेनंतर. त्याआधीची किरकोळ लग्नं घ्यायची नाहीत, माल धुऊन, रचून, मोठ्या गर्दीसाठी राखून ठेवायचा. तीन जादा टेम्पो महिनाभरासाठी बांधून घेतले. टेम्पोवाल्या कोंडीबाने "त्या महिन्यात?" असं दोनदा विचारलं आणि हसला. दात तंबाखूने काळेकुट्ट. असल्या तोंडाशी फोरकास्टिंगची चर्चा काय करणार?

२१ एप्रिल.
आज मारुंजीचं एक आणि भुगावचं ५ मेचं एक, अशी दोन लग्नं नाकारली. सासूबाई म्हणाल्या, "चालून आल्याला न्हाई म्हनू नये, पाव्हणं." सगुणामामींचा स्वभाव चांगला आहे, पण अशाच विचारांनी धंदे बुडतात. कैलास माझ्याशी बोलत नाही. बरंच झालं. जेवताना मचमच आवाज करतो.

६ मे.
बायको साधना निरोप घेऊन आली. यंदा अधिक महिना, १७ मेपासून. तीन वर्षांनी एकदा येतो. जावयाला पुरणाचे धोंडे, दिवे, चांदीची वाटी. तिच्या आईने २४ तारखेला जेवायला बोलावलंय. मान मला आवडतो, पण वेळकाळ? म्हटलं, ऐन लग्नसराईत जेवायला सवड कुणाला आहे? अर्धा जून उलटल्यावर बघू. साधना माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "अहो, पण अधिकात..." मी तिथेच थांबवलं. डेटा पंचांग बघून चालत नाही. ती भांडी घासायला गेली. गरजेपेक्षा जास्त आवाज करत होती.

१८ मे.
फोन वाजला नाही. नेटवर्क.

१९ मे.
नेटवर्क ठीक आहे.

२१ मे.
एक फोन आला. राँग नंबर. त्यालाही मांडव हवाय का विचारलं.
टेम्पोवाले दिवसभर गोडाऊनसमोर लोळतात आणि पिंका टाकतात. भिंत लाल झाली आहे. बघवत नाही.

२२ मे.
मार्केटकडे आपण स्वतः गेलं पाहिजे. भुगावच्या त्या वधूपित्यालाच फोन लावला. म्हटलं, तारीख पुढे ढकलली असेल तर आता माल तयार आहे. तो म्हणाला, "डोकं ठिकानावर हाय का? लगीन कवाच झालं, दुसऱ्याचा मांडव घालून. आन अधिकात कोन लगीन लावतं?" २०२४ ला शुक्राचा अस्त होता म्हणून मुहूर्त नव्हते, हेही त्यानेच ऐकवलं. म्हणजे मी डिलीट केलेलं वर्ष खरं बोलत होतं.
किळस येते या समाजाची. आकाशातल्या ग्रहांवर यांचं लॉजिस्टिक्स चालतं! कोर्समध्ये याचा कॉलमच नव्हता.

२४ मे, रविवार.
धोंड्याच्या जेवणाला गेलो. सवड होती.
अंगणात अख्खा मांडव घातलेला. झालर, पंखे, चारशे खुर्च्या. माल पडूनच हाय तर घाला, असं मामा म्हणाले म्हणे. मधोमध पाटावर मी एकटा. मामींनी पाय धुतले, कुंकू लावलं, ताट वाढलं. चारशे रिकाम्या खुर्च्या माझ्याकडे तोंड करून. मामा काठी टेकून समोर बसले होते. त्यांनी मला हात धुऊ दिले. मग म्हणाले, "अधिकात जावई म्हंजी नारायण, म्हनून पाय धुतलं. चावी आन फोन मातुर कैलासकडं द्या."
दिले.

१६ जून.
अधिक संपला. सकाळपासून फोन वाजतोय. कैलासच्या खिशात.

२० जून.
पिरंगुटला लग्न. कार्यालयाच्या खुर्च्या आणि आपल्या खुर्च्या एकात एक मिसळतात, म्हणून राखणीला एक माणूस लागतो. कैलासने मला बसवलं. नवा ग्राफ काढावा असं आज पहिल्यांदाच वाटलं नाही. माझाच मला वीट आलाय. शेजारी एक आजी पंगतीची वाट बघत बसली होती. तिने विचारलं, "तुमी मुलाकडचं का मुलीकडचं?"
म्हटलं, खुर्च्यांकडचा.