काय करायचं सोडलंस?

प्रिय इन्साफ, माझ्या हट्टी दूधबहिणी,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे कागदावर. हे पत्र तुझ्याच हातात द्यायचं, तुझ्या नवऱ्याच्या, रद्वानच्या नाही आणि सुनेच्याही नाही, असं मी आमच्या नर्सला, दिमयानाला बजावलं आहे. ती पुढच्या खोलीत चहा पीत बसेल, तू आत जाऊन सावकाश वाच. येत्या रविवारी आमच्या रुग्णालयात चाळीस डॉक्टर येणार आहेत, माझी शस्त्रक्रिया शिकायला. ती शिकवावी की नाही, हेच मला आठ दिवस कळेनासं झालं होतं. काल वॉर्डात राउंड घेताना एकाच बाईची नाडी दोनदा पाहिली. ती म्हणाली, "डॉक्टरीणबाई, इतकं वाईट आहे का हो?" तिला काही झालेलं नव्हतं.

तुला आठवतं, तुझी आई, माझी खाला सनिय्या, भट्टीपाशी बसली की आधी ओढणीआड कमरेचं फडकं घट्ट करायची? आपण दोघी तिच्या एकाच छातीवर वाढलो, आणि मोठ्या होईपर्यंत आपल्याला कळलं नाही की तुझ्या आईचं अंग वीस वर्षं बाहेर येत होतं. पुरुष डॉक्टरसमोर झोपण्यापेक्षा कबरीत झोपेन, म्हणायची. मी सर्जन झाले ती तिच्यासाठी, हे मी पुरस्कार घेताना व्यासपीठावर सांगितलं होतं आणि तू पहिल्या रांगेत डोळे पुसत होतीस. मला वाटायचं, आपल्या केना गावाकडच्या बायका बोलत नाहीत, कारण ऐकायला बाई नाही. मी आले की बोलतील. इतकं सोपं वाटलं होतं मला!

तर जाळीची गोष्ट. खाली उतरलेलं गर्भाशय उचलून धरायला मी ती प्लास्टिकची जाळी आतून बसवत होते. तासाभराचं काम, तिसऱ्या दिवशी बाई घरी. एकशे बारा बायका केल्या. त्यांतल्या एकशे नऊ जणींच्या नावापुढे "तक्रार नाही". त्यावर माझा शोधनिबंध छापून आला, कौतुक झालं, आणि मी जरा शेफारलेच. मंगळवारी तपासणीला बाई यायची, शेजारी सासू नाहीतर नवरा उभा. मी विचारायची, कशी आहेस? ती म्हणायची, "हम्दुलिल्लाह, देवाची कृपा आहे डॉक्टरीणबाई, अल्लाह तुमचे हात सलामत ठेवो." आणि भेट म्हणून कबुतरांची जोडी टेबलावर ठेवायची. मी खूण करायची आणि पुढचीला बोलवायची. आपल्याकडे मरणाच्या दारात असलेला माणूसही कशी आहे तब्येत म्हटल्यावर हेच म्हणतो, हे मला, इथेच जन्मलेल्या बाईला, कळू नये? वर जिने आपल्यावर उपकार केले तिच्यापुढे रडगाणं गायचं, म्हणजे तिच्या तोंडावर तिचं मीठ फेकायचं. तेही मला ठाऊक होतं. पण कागदावर चौकट होती आणि चौकटीत खूण करायची होती.

मागच्या महिन्यात बनी सालिम गावात लग्न होतं. तिथल्या सात जणींवर मी शस्त्रक्रिया केलेली, म्हणून मला आणि दिमयानाला अगदी मानाचं बोलावणं. अंगणात बायका भाकऱ्या करत होत्या. उन्हात फुगलेले गोळे रांगेने ठेवलेले, भट्टीपुढे उकिडव्या बसून गाणी चाललेली. मी गादीवर लोडाला टेकून बदक खात होते. दिमयाना माझ्या कानाशी लागली, "डॉक्टर, आपल्या बायका बघा." मी पाहिलं. एक भिंतीला टेकून उभी. दोघी एका मांडीवर कलून बसलेल्या. एक गुडघ्यांवर. बाकीच्या तिघी ताटं घेऊन फिरत होत्या, आणि दोन तासांत त्यांतली एकही टेकली नाही. सातही जणींत सरळ बसलेली एक नाही! मला आधी हसू आलं, खरंच सांगते. मग मी ताट बाजूला ठेवलं.

एकेकीला विचारलं. हम्दुलिल्लाह, हम्दुलिल्लाह. शेवटी उम्म शाबानला, आठवते ना, तीच ती फटकळ म्हातारी, भट्टीमागे गाठलं आणि म्हटलं, मावशी, कशी आहेस ते सांगू नकोस. शस्त्रक्रियेनंतर काय करायचं सोडलंस, तेवढं सांग. "आता नीट विचारलंस, पोरी," म्हणाली. "भट्टीपुढे बसणं सोडलं. गाढवावर बसणं सोडलं. आणि म्हातारा जवळ आला की पाठ धरून ओरडते. बिचारा पाठीला तेल चोळून देतो." मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणते कशी, "तू एवढी शिकून आमच्यासाठी परत आलीस. तुला कोणत्या तोंडानं सांगू, की तुझं शिवण टोचतंय?"

तेव्हापासून दिमयाना घरोघर फिरते आहे. सासवांना बाहेर धाडायची तिची युक्ती भारी आहे. रक्तदाब मोजायचं यंत्र काढते आणि म्हणते, खोलीत दुसरं माणूस असलं की काटा चुकतो. मग एकच प्रश्न, काय करायचं सोडलंस? काल सकाळपर्यंत एकसष्ट जणी झाल्या. तेवीस जणींनी काही ना काही सोडलं आहे. कुणी शेतावर जाणं, कुणी नवऱ्याजवळ झोपणं, एकीने नमाजातलं बसणं, ती खुर्चीवर पढते आणि लोकांना गुडघे दुखतात म्हणून सांगते. एकीला नवऱ्याने तलाक दिला. का, ते तिने माहेरीही सांगितलेलं नाही. बाकी अडतीस जणी खरंच बऱ्या आहेत, आनंदात आहेत, हेही लिहिते, नाहीतर तू म्हणशील अफ्कार नेहमीप्रमाणे सगळं काळंच रंगवते. पण अजून एकावन्न जणी उरल्या आहेत, आणि रोज दिमयाना परत आली की तिच्या वहीकडे बघायचा मला धीर होत नाही.

आमचे विभागप्रमुख प्राध्यापक शौकत यांना मी हे सांगितलं. ते आधी हसले, मग चिडले. "अगं, तीन वर्षांनी दारोदार जाऊन कुठं दुखतं विचारशील तर दुखणारच! बायका कुरकुरतातच. आता पाहुणे दारात आल्यावर लग्न मोडतेस का?" मी म्हटलं, सर, त्या कुरकुरत नाहीत, सगळा घोळ तिथेच आहे. त्यांनी रविवार पार पडू दे म्हटलं, मग शांतपणे बघू. शांतपणे! चाळीस डॉक्टर, प्रत्येकाच्या हाताखाली वर्षाला पन्नास बायका धर. मी हा हिशेब रोज मनात करते, इन्साफ. सोमवारी शस्त्रक्रिया करताना मी सहायकाला टाके घालायला सांगितले आणि बाजूला झाले.

दिमयाना तुझ्याकडे दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा तू तिला फतीरची तुपाळ पोळी बांधून दिलीस आणि यंत्र काढूही दिलं नाहीस. अफ्कारला सांग, मी अगदी छान आहे, असा निरोप धाडलास. तिने वहीत तुझ्या नावापुढची जागा कोरी ठेवली आहे. मागच्या ईदला तू सगळ्यांना वाढलंस आणि स्वतः खिडकीशी उभ्याने जेवलीस. मी सगळ्यांदेखत तुला टोमणा मारला, बस की गं, कुठे आग लागली आहे का! सगळे हसले. तूही हसलीस.

आता ते लिहिते, ज्याच्यासाठी कागद घेतला. मी वर म्हटलं की बायका बोलत नाहीत, मला कुणी सांगितलं नाही, आपली रीतच अशी. प्राध्यापकांना हेच सांगितलं, दिमयानालाही हेच. ते खोटं आहे. तू सांगितलं होतंस. जाळी बसवल्यावर पाचव्या महिन्यात तू माझ्या स्वयंपाकघरात आलीस, दार लोटलंस आणि म्हणालीस, "अफ्कार, आत काहीतरी कापतं गं, रद्वानला पण लागलं." मी भेंडी चिरत होते. मान वर न करता मी म्हटलं, तू लहानपणापासून नाजूक, सहा महिने ओढ राहतेच. त्याच आठवड्यात निबंध धाडायचा होता. यादीत तुझं नाव सतरावं. त्यापुढे मी माझ्या हाताने लिहिलं, "तक्रार नाही". बाकीच्यांनी माझ्यापासून लपवलं असेल. तुझं मी लपवलं. रविवारी चाळीस जणांसमोर मी हे सांगणार आहे, तुझं नाव न घेता, आणि निबंध मागे घेतल्याचं पत्र आजच गेलं. पण ते लोकांकडून तुझ्या कानावर येण्याआधी माझ्याकडून यायला हवं होतं. शनिवारी कैरोहून डॉक्टर हिक्मतबाई येत आहेत. अशा जाळ्या काढण्यात त्यांचा हात बसलेला आहे. पहिली वेळ तुझ्यासाठी मागून ठेवली आहे. मी त्या खोलीत पाऊल टाकणार नाही, तू त्यांना माझ्याविषयी हवं ते सांग. मी बाहेर बाकावर बसेन, इतर बायकांचे नातेवाईक बसतात तिथे, आणि तू बाहेर येऊन माझ्याशी बोलली नाहीस तरी बसून राहीन.

तू म्हणू देशील तर अजूनही तुझीच,
अफ्कार