चारमिनारवरची सपाट कड

अण्णा, आज शनिवार, दुपारचे सव्वातीन वाजलेत, आणि परळीच्या दुकानात मी आत्ताच एका माणसाला नाही म्हणून परत पाठवलंय. आपल्या सिरसाळ्याकडचाच होता. त्यानं रुमालातून एक नाणं काढलं. चपटं, लांबट झालेलं, सिंह ओळखू येत नव्हते. असल्या नाण्याला लाख मिळतात, असं त्यानं मोबाइलवर बघितलं होतं. मी म्हणालो, "मामा, हे रेल्वेच्या रुळावर ठेवलेलं हाय. पोरांचा उद्योग हाय." तो म्हणाला, "तू टांकसाळीत कामाला व्हता का बे?" मी चिडलो नाही. समजावून सांगितलं. टांकसाळीतली चूक ठसा पडायच्या आधी किंवा पडताना होते, म्हणून धातू त्या रिकाम्या जागेकडं सरकतो आणि जवळची अक्षरं हळूहळू विरत जातात. नंतर झालेली इजा अक्षरांवरून जाते, त्यांना चिरडते नाहीतर कापते. नाणं आधी झिजलं आणि खूण मागून आली, तर ती कुणीतरी केलेली असते. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग खरी चूक कशी असती, दाव की." तिथं माझं अडलं. का अडलं ते सांगायलाच लिहायला बसलो.

दहावीला मी गणितात नापास झालो तेव्हा तुम्ही बाप असून रागावला नाहीत. ओसरीवर जवळ बसवून घेतलंत आणि निजामाच्या वेळचा चांदीचा रुपया माझ्या हातावर ठेवलात. त्यावरच्या चारमिनारच्या वर, जिथं कड गोल हवी, तिथं ती सरळ सपाट होती. "बाजारात एका म्हाताऱ्याकडनं घेतला," तुम्ही म्हणालात. "पत्र्याच्या टोकावर छाप बसला म्हणून असा झाला. शाळंतल्या चुकीला किंमत न्हाई पोरा, टांकसाळीतल्या चुकीला हाय." त्या एका वाक्यावर मी शाळा सोडली. त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर तुम्ही गेलात आणि मी नाण्यांच्या या दुकानात लागलो. मास्तरच्या खिशात खडू असावा तसा तो रुपया कायम माझ्या शर्टाच्या खिशात असे. कुणी विचारलं की काढून दाखवायचा, "अशी असते खरी चूक." जगातल्या सगळ्या नाण्यांना मी भिंग लावलं, त्याला कधी लावलं नाही. देव्हाऱ्यातल्या टाकाला कुणी भिंग लावतं का?

गेल्या आठवड्यात पुण्याच्या एका संग्राहकानं त्याचे फोटो मागितले. चांगले यावेत म्हणून मी रुपया भिंगाखाली धरला. सपाट कडेजवळची फारसी अक्षरं विरलेली नव्हती, सुरीनं कापावीत तशी तुटलेली होती. चूक खरी असती तर समोरच्या, खालच्या कडेलाही पुरता दाब मिळाला नसता आणि ती पुसट उठली असती. ती भरीव होती. सपाट जागेवर कानशीचे ओरखडे होते, सगळे एकाच दिशेचे, आणि एका अक्षराच्या खोलगट भागात पिवळसर धातूचा कण अडकला होता, सोनार कडी सांधायला वापरतो तो. म्हणजे तिथं कडी होती. आणि रुपयाला कडी असते ती गळ्यातल्या माळेसाठी.

मी तसाच घरी गेलो. माय भाकरी थापत होती. म्हणालो, "माय, तुझी माळ दाव." तिनं मान वर केली नाही. "कावून? पुन्यांदा मोजायची हाय? मोज. एक कमीच भरंल." पेटीतून माळ काढली. आठ रुपये, आणि मधोमध, नववा होता तिथं, काळा मणी. प्रत्येक रुपयाची कडी चारमिनारच्या बरोबर वर, तसल्याच पिवळसर धातूनं सांधलेली.

तो रुपया हरवला तेव्हा मी सहा-सात वर्षांचा असेन. माय उकिरड्यावर उकिडवी बसलीय. चाळणीनं राख चाळतेय, शेण हातानं फोडून बघतेय. आजी दारातून म्हणतेय, "सासूची माळ सांभाळता येईना, ही काय संसार सांभाळणार!" आणि तुम्ही बाजेवर बसलाय, अण्णा. तुम्ही म्हणताय, "लक्ष कुठं असतं तुझं? तिकडं कोपऱ्यात बघ नीट." रुपया तुमच्याजवळ होता आणि तुम्ही तिला कोपरा दाखवलात. त्यानंतर आजी मरेपर्यंत मायनं कुठल्याच लग्नात माळ घातली नाही.

विकायलाच कडी घासून काढली असेल, तर रुपया विकला का नाहीत? नाण्याचं काय केलं ते नाण्यावर दिसतं, कशासाठी केलं ते दिसत नाही. टांकसाळीची ती गोष्ट माझ्या समाधानासाठी रचलीत की कानशीचे ओरखडे झाकायला? दोन्हीसाठी असेल. मी नापास झालो ते तुमच्या सोयीचं झालं.

मी रुपया परातीशेजारी ठेवला आणि मायला सगळं सांगितलं. तिनं हाताचं पीठ पुसलं, सपाट कड अंगठ्यानं चाचपली, माळेतल्या मण्याशेजारी धरून बघितली. म्हणाली, "म्हंजी माझ्या हातनं गेला न्हवता."

"न्हाई माय."

"आता कुणाला सांगू रं? बोलणारी समदी गेली."

तव्यावरची भाकरी करपली होती. ती तिनं स्वतःच्या ताटात घेतली. कडी परत बसवून आणतो म्हणालो, तर म्हणाली, "नको. पुन्हा कुणीतरी घासंल." मणी काढून तिनं रुपया काळ्या दोऱ्यानं आडवातिडवा आवळून तिथं बांधला आणि माळ गळ्यात घातली. काल ती तशीच दळण आणायला गेली होती.

संग्राहकाला मी खरं कळवून टाकलं. हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून राहिलेलंही लिहितो. तो माणूस "दाव की" म्हणाला, तेव्हा माझा हात आपोआप खिशात गेला. खिसा रिकामा होता. आणि अण्णा, त्या वेळी मला राग आला तो तुमचा नाही. मायचा आला, तिनं माझा रुपया घेतला म्हणून.